ऑपरेशन झाले, आता उठवा!

घरातले वडीलधारे माणूस पाय घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले, सांगलीला किंवा मिरजेला नेऊन ऑपरेशन झाले आणि आठ-दहा दिवसांनी गाडीतून घरी आणले, की पुढची व्यवस्था बहुतेक घरांत ठरल्यासारखी होते. सोप्यातली खाट झाडून तिच्यावर नवी गादी टाकली जाते. उशाला तांब्या-भांडे, पायथ्याशी औषधांची पिशवी. लघवी-संडासला भांडे अंथरुणातच दिले जाते. भेटायला येणारे पाहुणे केळी, बिस्किटे, शहाळी आणतात आणि जाताना प्रत्येक जण एकच सल्ला देऊन जातो, "आता अजिबात उठायचं नाही हं मावशी, नुसतं पडून राहायचं." मुलगा म्हणतो, "आयुष्यभर राबली आई, आता दोन-तीन महिने पूर्ण विश्रांती." सून तोंड धुण्यापासून जेवण भरवण्यापर्यंत सारे खाटेवरच करते. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. किंबहुना जितके घर प्रेमळ तितकी ही खाट जास्त दिवस टिकते.

माझी तक्रार त्या खाटेबद्दल आहे.

खुब्याचे ऑपरेशन नेमके कशासाठी करतात, हे आपण एकदा नीट समजून घेऊ. "हाड जोडण्यासाठी" हे अर्धेच उत्तर झाले. ही ऑपरेशने सर्रास होऊ लागण्यापूर्वी अशा रुग्णाचा पाय वजन लावून खाटेच्या टोकाला ताणून ठेवत. सहा-सहा, आठ-आठ आठवडे, कधी तीन महिने. माणूस तेवढा काळ पाठीवर. काहींची हाडे जुळतही. परंतु हाड जुळेपर्यंत माणूसच हातचा जाई. पाठीला जखमा पडत, छातीत कफ साठून न्यूमोनिया होई, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरून ती फुप्फुसात जाई. म्हणून डॉक्टर मंडळी असा मार्ग शोधत होती की हाड आतून धातूने धरून ठेवायचे किंवा मोडलेला गोळाच बदलायचा आणि माणसाला ताबडतोब उभे करायचे. अमेरिकेतील डॉ. ऑस्टिन मूर यांनी १९५० च्या दशकात धातूचा गोळा बसवण्याची पद्धत रूढ केली. इंग्लंडमध्ये डॉ. जॉन चार्नली यांनी राइटिंग्टन येथील रुग्णालयात १९६२ साली गोळा व वाटी अशा दोन्ही बाजू बदलण्याची जी पद्धत बसवली, तीच थोड्याफार फरकाने आज जगभर चालते. या साऱ्या खटाटोपाचा उद्देश माणूस खाटेवरून उठावा हाच होता. लाख-दीड लाख खर्च करून ऑपरेशन करायचे आणि नंतर रुग्णाला पुन्हा तीन महिने खाटेवरच ठेवायचे, हे मोटार दुरुस्त करून आणून गोठ्यात झाकून ठेवण्यासारखे आहे. फरक एवढाच, की मोटार गोठ्यात राहिली तर नुसती धूळ खाते. माणसाचे तसे नाही.

खाटेवर काय होते ते पाहा. स्नायू हे वापरले तरच टिकतात. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठ मंडळींना दहा दिवस अंथरुणावर ठेवले होते. आजार नाही, ऑपरेशन नाही, जेवण व्यवस्थित. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांच्या स्नायूंचे वजन सरासरीने जवळजवळ एक किलोने घटले. ही धडधाकट माणसांची गोष्ट झाली. ज्यांचे हाड मोडले आहे, रक्त गेले आहे, जेवण दोन घासांवर आले आहे, त्यांचे काय होत असेल? त्याखेरीज पोट साफ होत नाही, भूक मरते, लघवीत जंतू होतात, टाचेला आणि माकडहाडापाशी कातडी काळी पडते. रात्री झोप नाही, दिवसा डोळा लागतो, मग वेळ-काळाचे भान सुटते. "आजी भ्रमिष्टासारख्या बोलायला लागल्या" म्हणून मला बोलावणे येते ते याच सुमारास.

खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारणपणे चार-पाचांत एक जण वर्षाच्या आत दगावतो, असे जगभरचा अनुभव सांगतो. त्यांतले काही मूळच्याच हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या दुखण्यांनी जातात, तेथे कोणाचा इलाज चालत नाही. परंतु काही निव्वळ पडून राहिल्याने जातात. आणि जे वाचतात त्यांतलेही बरेच जण पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. गेल्या वर्षी आमच्या भागातले एक निवृत्त एसटी ड्रायव्हर असेच गेले. अंगाने मजबूत, रोज स्टँडपर्यंत चहाला चालत जाणारा माणूस. ऑपरेशन उत्तम झाले होते. एक्स-रे मी पाहिला होता. घरी आल्यावर "दुखतंय, उद्या बघू" असे म्हणत ते झोपून राहिले, मुलांनीही जोर केला नाही. चौथ्या महिन्यात न्यूमोनियाने गेले. तेराव्याला जमलेले लोक म्हणत होते, "वयच झालं होतं." ते अडुसष्ट वर्षांचे होते.

दुसरी हकीकत जरा बरी आहे. सहा किलोमीटरवरच्या एका वाडीतल्या बहात्तर वर्षांच्या आजी. मांडीच्या हाडात रॉड टाकला होता. मला खोकल्यासाठी बोलावले होते, ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते. सून गुणाची, आजींचे अंग स्वच्छ, पाठीला एकही जखम नाही. पण चादर बाजूला केली तर मांडी मनगटाएवढी वाटावी अशी सुकलेली. मी विचारले, "उभं केलंत का?" मुलगा म्हणाला, "डॉक्टर, अजून हाड कुठं भरलंय?" एक्स-रेच्या पिशवीत दवाखान्यातून सोडतानाचा कागद होता. त्यावर सर्जनने इंग्रजीत स्पष्ट लिहिले होते, की पायावर पूर्ण वजन देण्यास हरकत नाही. पाच आठवडे तो कागद त्या पिशवीत होता.

तालुक्याहून फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊ लागली. पहिल्या दिवशी आजींना नुसते पाय खाली सोडून बसवले तर चक्कर आली, कारण इतके दिवस आडवे राहिल्याने उभ्या स्थितीत रक्तदाब सांभाळण्याची शरीराची सवय मोडलेली असते. चौथ्या दिवशी त्या दोघांच्या आधाराने उभ्या राहिल्या आणि रडल्या. दोन महिन्यांनी अंगणातल्या तुळशीपर्यंत वॉकर घेऊन जाऊ लागल्या. आज काठी आहे, आणि ती बहुधा राहील. दुसऱ्या दिवसापासून उठवले असते तर काठी सुटली असती का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पाच आठवडे हकनाक गेले.

दुसऱ्या दिवसापासून असे मी म्हणतो ते मनचे नव्हे. ब्रिटनमध्ये २०११ साली निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत असे म्हटले आहे, की वैद्यकीय अडचण नसेल तर खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उठवावे आणि पुढे रोज निदान एकदा तरी उठवून हालचाल करवावी. आपल्याकडचेही बहुतेक अस्थिरोगतज्ज्ञ आज हेच सांगतात. अडते ते दवाखान्यातून घरी आल्यावर.

यात दवाखान्यांचाही दोष आहेच, तो झाकण्यात अर्थ नाही. सोडतानाच्या कागदावर औषधांची यादी डोस-वेळेसह पानभर असते आणि तळाशी एक शब्द, "फिजिओथेरपी". कोणती, किती वेळा, कोणाकडून, पायावर वजन किती द्यायचे, खाली बसायचे की नाही, काही नाही. हा कागद मराठीत का असू नये? ज्याने सेवा करायची ती सून किंवा तो मुलगा यांना सोडण्याच्या आदल्या दिवशी समोर बसवून, रुग्णाला उठवणे-बसवणे त्यांच्याच हातून एकदा करवून का घेऊ नये? दहा मिनिटांचे काम आहे. माझे आग्रहाचे सांगणे आहे, की तुमचा रुग्ण असेल तर हे झाल्याशिवाय गाडी बोलावू नका. सर्जनला नम्रपणे पण नेटाने विचारा: रॉड घातला की गोळा बदलला? पायावर पूर्ण वजन द्यायचे, थोडे द्यायचे की मुळीच नाही? खाली बसण्याची बंदी आहे का, असल्यास किती दिवस? उत्तरे कागदावर लिहून घ्या. व्यायाम करून घेताना तेथील फिजिओथेरपिस्टची परवानगी घेऊन मोबाइलवर चित्रण करून ठेवा. घरी गेल्यावर ते फार उपयोगी पडते, विशेषतः सेवा करणारे माणूस बदलते तेव्हा.

रॉड की गोळा, हे का विचारायचे? मांडीचे हाड वरच्या टोकाला बारीक होत जाऊन एका गोळ्यात संपते आणि तो गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. त्या बारीक मानेशी हाड मोडले तर गोळ्याचा रक्तपुरवठा बहुधा तुटतो. म्हणून वयस्कर माणसात गोळाच बदलतात. मानेच्या खाली मोडले तर तेथे रक्तपुरवठा चांगला असतो, हाड भरते. म्हणून प्लेट-स्क्रू किंवा रॉड घालतात. गोळा बदललेल्यांना एक जास्तीची काळजी असते, ती म्हणजे सुरुवातीच्या काळात गोळा वाटीतून निसटण्याची. खुब्याला मागच्या बाजूने छेद घेतला असेल तर ही भीती अधिक. म्हणून त्यांनी गुडघा कमरेच्या वर येईल असे बसू नये, पायावर पाय टाकू नये, पाऊल आत वळवू नये, कुशीवर झोपताना दोन्ही पायांच्या मध्ये जाड उशी ठेवावी. साधारण सहा आठवडे ते तीन महिने ही पथ्ये सांगतात, नक्की मुदत तुमचा सर्जन ठरवील.

आता आपले सारे जगणे जमिनीवरचे. पाटावर बसून जेवण, मांडी घालून देवपूजा, उकिडवे बसून भांडी आणि तसेच बसून शौचाला. इंग्रजी पुस्तकांतील पथ्ये वाचताना तिकडच्या माणसाला फक्त खुर्ची थोडी उंच करावी लागते. आपल्याला घराची रीतच तेवढ्या काळापुरती बदलावी लागते. कमोडची खुर्ची आणा, ती देशी संडासावर ठेवता येते. हाताची खुर्ची थोडी उंच हवी; प्लॅस्टिकची हलकी खुर्ची उठताना मागे सरकते, तिच्यावर रुग्णाला बसवू नये. देव्हारा उंच नसेल तर तीन महिने देव खुर्चीसमोर टेबलावर मांडा. आजींना पूजा करू द्या. हात-पाय चालण्याइतकेच मन चालणेही गरजेचे आहे.

लोकांच्या मनातली मोठी भीती म्हणजे, "चाललं तर रॉड निसटेल, टाके उसवतील." सर्जनने वजन देण्यास परवानगी दिली असेल तर ही भीती सोडून द्या. तो रॉड वजन पेलण्यासाठीच घातलेला असतो आणि टाके कातडीत असतात, हाडात नव्हे. उलट, हाडावर बेताने भार पडला तर ते भरायला मदतच होते. मात्र काही रुग्णांत हाडाचे तुकडे फार झालेले असतात आणि सर्जन मुद्दाम काही आठवडे वजन द्यायला मनाई करतो. तेथे त्याचेच ऐकायचे. पण वजन न देता बसणे, वॉकरवर एका पायाने उभे राहणे, अंथरुणातले व्यायाम हे तेव्हाही चालू ठेवता येते. 'वजन देऊ नका' याचा अर्थ 'पडून राहा' असा नाही.

दुखणे हा दुसरा अडसर. दुखणारच, ते नाकारून चालणार नाही. आमच्याकडे मोठ्या माणसांची एक खोड असते, की गोळी घ्यायची नाही आणि दुखते म्हणून व्यायामही करायचा नाही. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. व्यायाम करताना मांडी ओढल्यासारखी वाटणे, नंतर तासभर ठणकणे हे चालते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ठणका राहिला तर व्यायाम थोडा कमी करा, बंद करू नका.

व्यायाम तरी काय फार अवघड असतात? अंथरुणात असताना दर तासाला दहा-पंधरा वेळा पावले वर-खाली करायची, त्याने पोटरीतले रक्त खेळते राहते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने दाबायची, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचे. कुल्ले आवळून धरायचे आणि सोडायचे. टाच गादीवरून घसरवत गुडघा हळूहळू वाकवायचा. दीर्घ श्वास. मग खाटेच्या कडेला पाय सोडून बसणे, मग वॉकर धरून उभे राहणे. उभे राहता आले की ओट्याला धरून पाय बाजूला नेणे आणि मागे नेणे. पाय बाजूला नेण्याच्या या व्यायामाला फार महत्त्व आहे. कमरेच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू दुबळा राहिला तर प्रत्येक पावलाला माणूस एका बाजूला कलतो, आणि लोक म्हणतात, "ऑपरेशन बिघडलं, लंगडत चालतात." बहुतेक वेळा ऑपरेशन ठीकच असते, त्या स्नायूकडे दुर्लक्ष झालेले असते. शेवटी खुर्चीवरून उठणे आणि बसणे, हाताचा आधार कमी-कमी करीत. हा एकच व्यायाम निवडायचा झाला तर मी हाच निवडीन. कारण स्वतःहून उठता येणारे माणूस संडासला स्वतः जाऊ शकते आणि म्हातारपणी याहून मोठी श्रीमंती कोणती, हे ज्याला विचाराल तो सांगेल.

वॉकर आधी पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय आधी. उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. काठीच्या बाबतीत मात्र दहांतले आठ जण चुकतात. ज्या बाजूचा पाय दुखतो त्याच बाजूच्या हातात काठी धरतात. ती विरुद्ध हातात हवी. एका पायावर उभे राहताना खुब्याच्या सांध्यावर नुसते शरीराचे वजन येत नाही, अंग कलू नये म्हणून स्नायू जी ओढ देतात तिच्यासह ते वजनाच्या अडीच-तीन पट होते. काठी विरुद्ध हातात असली की ती ओढ पुष्कळ हलकी होते. पाणी भरलेली घागर दुसऱ्या बाजूच्या हाताने सावरावी, तसेच हे.

फिजिओथेरपीचा खर्च काढला की घरात चर्चा सुरू होते. ऑपरेशनसाठी जमीन गहाण टाकणारे लोकसुद्धा व्यायाम करून घेणाऱ्याच्या भेटीचे पैसे देताना, "एवढं हात-पाय हलवायला कशाला माणूस?" असे विचारतात. सरकारी योजनेत ऑपरेशन बसले तरी घरी येऊन व्यायाम करून घेणाऱ्याचे पैसे बहुतेक वेळा खिशातूनच जातात, हेही खरे. म्हणून मी असे सुचवतो, की ऑपरेशनच्या खर्चाचा अंदाज मांडतानाच त्यात दोन महिन्यांच्या व्यायामाची रक्कम धरा. रोज भेट परवडत नसेल तर आठवड्यातून दोनदा बोलवा, बाकीचे दिवस घरातल्या कोणी तरी तेच करवून घ्यावे. नातू-नात असतील तर त्यांना हे काम द्या. आजोबा मुलाचे ऐकत नाहीत, नातीचे ऐकतात.

ही विद्या आपल्या राज्याला नवी नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकातच तिचे शिक्षण सुरू झाले. बारावीनंतर चार वर्षांहून अधिक काळ शिकून ही मुले-मुली बाहेर पडतात, आणि २०२१ साली केंद्र सरकारने अशा व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदाही केला. तेव्हा येणारी व्यक्ती शिकलेली व नोंदणीकृत आहे का, हे विचारायला संकोच करू नका. कोणी नुसतेच शेकाचे आणि करंटचे यंत्र लावून अर्धा तास बसवत असेल आणि रुग्णाला उभे करीत नसेल, तर ती फी वाया गेली असे समजा. हाडवैद्याकडून जोरात तेल रगडून घेण्याचा मोह तर पूर्ण टाळा. पोटरी सुजलेली असताना ती चोळली आणि आत गुठळी असली, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, दम लागला किंवा छातीत दुखले; जखमेतून पाणी-पू आला, ताप चढला; किंवा खुब्यात एकदम कळ येऊन पाय आखूड दिसू लागला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. या गोष्टी क्वचित होतात, पण झाल्या तर वाट पाहायची नसते.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होतो, पण लिहितो. पुरुष रुग्ण असेल तर चार मित्र येतात, कट्ट्यावर चला म्हणतात, दुकानात बसवतात. म्हातारी असेल तर घरात असे ऐकू येते, "तिला कुठं जायचंय आता? चालून काय करायचंय?" ती स्वतःही तेच म्हणते. सुनेला त्रास नको, मुलाचा खर्च नको. एका सासूबाईंनी मला हळूच सांगितले, की संडासला परत-परत उठवायला लागू नये म्हणून त्या पाणीच कमी पितात. अशाने लघवीचा जंतुसंसर्ग होणार आणि बुद्धीही भ्रमणार. आई "नको" म्हणाली म्हणून सोडून देऊ नका. तिच्या "नको"चा अर्थ नेहमी नको असा नसतो, हे तिच्या मुलांना मी वेगळे सांगायला नको.

जेवणाचेही पाहा. शिरा, पेज, साबूदाण्याची खीर यांनी स्नायू होत नाहीत. वरण घट्ट हवे, उसळ, दूध-दही, शेंगदाणे, चालत असेल त्याला अंडी-मासे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि साध्या पडण्याने खुब्याचे हाड मोडले, याचा अर्थ हाडे ठिसूळ झाली आहेत. आता दुसरी बाजू धोक्यात आहे. त्यासाठी आज चांगली औषधे आहेत, वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे इंजेक्शनही आहे. पण ऑपरेशनच्या गडबडीत हा विषय निघतच नाही, तो तुम्ही काढा. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचीही चौकशी करा. रात्री तोल जाऊन पडणाऱ्यांत त्या घेणारे पुष्कळ असतात. न्हाणीघरातली शहाबादी फरशी खरखरीत करून घ्या, भिंतीला पकडायला दांडी बसवा, रात्री एक बारीक दिवा जळत ठेवा.

वॉकर विकतच घ्यायला हवा असे नाही. गावात कोणाच्या तरी माळ्यावर एखादा पडलेला असतो, काही ठिकाणी मंडळे आणि संस्था तो अनामत घेऊन वापरायला देतात. मागून आणलेला असेल तर रुग्णाला चपला घालून उभे करा, हात सैल सोडायला सांगा आणि मुठी मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर येतील असे त्याचे पाय लहान-मोठे करून घ्या. खालची रबरी टोपणे झिजून आतला पाइप दिसत असेल तर वापरण्याआधी ती बदला. कोणत्याही सर्जिकल दुकानात स्वस्तात मिळतात.